हजारामागे १०२९

१९९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२९ स्त्रिया मोजल्या गेल्या. त्या वर्षी महाराष्ट्राचा आकडा ९३४ होता. नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटावे, साताऱ्यात मुलींना जिवापाड जपत असतील. पण तिथे बायका जास्त नव्हत्या, पुरुष कमी होते. ते लालबाग-परळच्या गिरण्यांत, मशीद बंदरच्या गोदामांत आणि सैन्याच्या छावण्यांत होते, आणि जनगणनेने त्यांना तिथेच मोजले होते.

२००१ मध्ये हा आकडा ९९५ वर आला आणि २०११ मध्ये ९८८ वर. आता उलटा गैरसमज सोपा होतो: वीस वर्षांत मुली कमी झाल्या, म्हणून प्रमाण घसरले. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. १९९१ ते २००१ या काळात शून्य ते सहा वयोगटातले प्रमाण ९४१ वरून ८७८ पर्यंत, म्हणजे ६३ अंकांनी कोसळले. ही घसरण भयंकरच आहे. मात्र या वयाची मुले एकूण लोकसंख्येच्या सातवा हिस्सासुद्धा नसतात. त्यामुळे एकंदर प्रमाणातल्या ३४ अंकांच्या घसरणीपैकी आठ-दहा अंकच लहान मुलींच्या खात्यावर टाकता येतात. बाकीची घसरण आली ती पुरुषांच्या जाण्याची रीत बदलल्यामुळे. पूर्वी गडी एकटा मुंबईला जाई आणि बायको-मुले गावी राहत. नंतर अख्खी कुटुंबे जाऊ लागली. बायकोही गेली की गावातले प्रमाण आपोआप खाली येते. मुलगी जन्मालाच आली नाही तरीही ते खालीच येते. एकाच आकड्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय सातारा-सांगलीत काय घडले ते कळत नाही.

कोणत्याही प्रदेशाच्या लोकसंख्येचा जमाखर्च चारच नोंदींचा असतो. जन्म आणि बाहेरून आलेली माणसे ही जमा, मृत्यू आणि बाहेर गेलेली माणसे हा खर्च. सगळ्या पृथ्वीचा हिशेब करायचा तर पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीवर भागते, कारण पृथ्वी सोडून कोणी जात नाही. देशाच्या हिशेबातही येणारे-जाणारे तुलनेने थोडे. पण जिल्ह्यापर्यंत खाली उतरलो की येण्याजाण्याचे वजन वाढते, तालुक्यात आणखी वाढते आणि गावात तर तेच निर्णायक ठरते. पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पाळणे किती हलले यापेक्षा एसटीने किती जण गेले यावर तिची लोकसंख्या ठरत आली आहे.

अडचण अशी की या चारही नोंदी एका हाताने होत नाहीत. जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे होते, माणूस कुठला आहे यावर नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. म्हणजे आटपाडीत नांदणाऱ्या सुनेचे बाळ कराडच्या दवाखान्यात जन्मले तर नोंद कराडला. मिरजेचे उदाहरण तर फारच बोलके आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन इस्पितळ सुरू केले आणि पुढे मिरज ही वैद्यकीय उपचारांची पेठ बनली. जत, कवठेमहांकाळपासून थेट अथणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण तिथे येतात. मिरजेच्या दप्तरातले किती जन्म आणि किती मृत्यू खरोखर मिरजकरांचे, हे पत्ते पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. स्थलांतराची तर रोजची नोंदवहीच नाही. गाव सोडताना कोणी ग्रामसेवकाला सांगून जात नाही, रेशनकार्ड आणि मतदारयादीतले नाव वर्षानुवर्षे गावीच राहते. एरवी दहा वर्षांनी होणारी जनगणना जन्मस्थान आणि आधीचे राहण्याचे ठिकाण विचारते, तेवढाच आधार.

जनगणनेचेही स्वतःचे नियम आहेत. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. या संपूर्ण काळात जो घरी नसेल त्याची नोंद तो जिथे सापडेल तिथे करायची, अशी पद्धत. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन हंगाम. बीडहून आलेल्या टोळ्या तेव्हा कृष्णाकाठच्या फडात खोप्या बांधून असतात आणि जत तालुक्यातले कितीतरी जण स्वतः कोयता घेऊन दुसरीकडे गेलेले असतात. तेच गणित ऑगस्टमध्ये मांडले असते तर काही गावांचे आकडे वेगळे दिसले असते.

एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. जुन्या आकड्यांतला सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते, तर सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. संस्थाने विलीन झाल्यावर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचे नाव सांगली ठरले. दोन्ही जिल्ह्यांचा जुना हिशेब असा एकाच वहीत आहे.

त्या वहीतली पहिली पाने मृत्यूने भरलेली आहेत. १८७२ आणि १८८१, दोन्ही वेळा जुन्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ६२ हजार भरली. नऊ वर्षांत वाढ जवळजवळ शून्य. मधल्या काळात १८७६ ते ७८ चा दुष्काळ येऊन गेला होता. त्या वर्षांत जन्मलेली सगळी मुले मेलेल्यांची आणि परागंदा झालेल्यांची जागा भरण्यातच संपली. पुढच्या दहा वर्षांत पाऊसपाणी बरे झाले तशी लोकसंख्या सव्वाबारा लाखांपर्यंत चढली, आणि १९०१ मध्ये पुन्हा सहा टक्क्यांनी उतरून साडेअकरा लाखांच्या खाली आली. दशकाच्या अखेरीस दोन दुष्काळ पडले आणि त्यात प्लेग आला.

प्लेगमध्ये मृत्यू आणि स्थलांतर एकमेकांत कसे गुंततात ते दिसते. १८९६ मध्ये मुंबईत साथ उसळली आणि काही महिन्यांत शहरातले सुमारे चार लाख लोक गावोगाव पांगले. जी वाट मजुरीसाठी जायची, तीच जीव वाचवायला परत यायची, आणि त्याच वाटेने साथ घाटावर चढली. गावात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात खोपी घालून राहत. आजच्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

मग १९१८ चा इन्फ्लुएंझा. त्या वर्षी पाऊसही हुकला होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या लाटेने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे नेली. हा आजार म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना सोडून वीस ते चाळीस वयाच्या माणसांवर अधिक तुटून पडला, आणि त्यात स्त्रिया जास्त गेल्या. ज्या वयात मुले होतात त्याच वयाची माणसे गेल्याने पुढच्या वर्षी जन्मही घटले. १९११ ते १९२१ हे साऱ्या भारताची लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक. त्यानंतर ती सतत वाढत गेली, म्हणून लोकसंख्येचे अभ्यासक १९२१ ला विभाजक वर्ष मानतात.

मृत्यू मागे कसा हटला, याचे श्रेय लस, गटार आणि दवाखाना यांना देण्याची सवय आहे. ते रास्तच आहे. पण या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत आणखी एक नाव घेतल्याशिवाय हा हिशेब अपुरा राहील. वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये विसापुरात करून पाहिला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा बंडिंगची, रस्त्यांची, खडी फोडण्याची कामे राज्यभर निघाली, आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. १९७२ मध्ये पाऊस काही १८७६ पेक्षा फार दयाळू नव्हता. गुरे गेली, विहिरी आटल्या, खाणे निकृष्ट झाले. तरी १८७६ सारखी माणसे मेली नाहीत. लोकसंख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण ठळकपणे यायला हवे असे मला वाटते, कारण इथे मृत्युदर दवाखान्याबाहेर, खडीच्या ढिगाऱ्यावर मिळालेल्या मजुरीने रोखला.

मृत्यू उतरले आणि जन्म तसेच चढे राहिले, की लोकसंख्या वेगाने वाढते. जगभर असेच झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तीसेक वर्षे सातारा-सांगलीतही तेच घडले. नंतर जन्म उतरू लागले. पटकी ओसरली, देवी गेली, जन्मलेले मूल जगेल याची खात्री वाटू लागली आणि मुली शाळेत जाऊ लागल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली होती. तिच्या शाळा दोन-तीन पिढ्यांत गावोगाव पोचल्या. शेतीचे तुकडे पडत चालले होते, तेही कारणच. चार भावांत वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला विहिरीच्या पाण्याची पाळी किती येते, हे ज्याने पाहिले त्याला दोन मुलांवर थांबायला कोणी सांगावे लागत नाही.

सरकारनेही जोर लावला. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, आणि ते योग्यच झाले. सक्तीपेक्षा वेगळी वाट सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये घेतली. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्याला ५००० रुपये आणि तीन वर्षे लांबवणाऱ्याला ७५०० रुपये. दुसऱ्या मधुचंद्राची योजना म्हणून तिची देशभर चर्चा झाली. वृत्तपत्रांना नावाची गंमत वाटली, पण तिच्यामागचे गणित नेमके होते. प्रत्येकीला दोनच मुले होणार असतील, तरी ती विसाव्या वर्षी झाली की पंचविसाव्या, यावर पन्नास वर्षांत किती पिढ्या एकमेकींवर चढतात ते ठरते. शिवाय कोवळ्या वयातले बाळंतपण टळते, ते वेगळेच.

महाराष्ट्रात आज एका स्त्रीला सरासरी १.७ मुले होतात, असे २०१९ ते २१ मधल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. आई-वडिलांची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला २.१ लागतात. लोकसंख्या वाढीची जुनी धास्ती इथे तरी मागे पडली आहे.

पण मुले दोनच हवीत आणि त्यातला एक मुलगा हवाच, या दोन इच्छा एकत्र आल्या तेव्हा सोनोग्राफीचे यंत्र हाताशी होते. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत शून्य ते सहा वयातल्या मुलींचे प्रमाण सांगलीत ९२४ वरून ८५१ झाले. हे घडले ते मागास भागात नाही, तर उसाच्या, द्राक्षांच्या, दवाखान्यांच्या पट्ट्यात. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. २०११ ला सांगलीचे प्रमाण ८६७ आणि साताऱ्याचे ८९५ पर्यंत सावरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेने आणखी एक काम केले. जिल्ह्यात ज्या मुलींचे नाव नकुशी ठेवले होते अशा २८५ मुली शोधून काढल्या आणि एका समारंभात त्यांना नवी नावे दिली. त्यांनी ती स्वतः निवडली होती. या मुली जन्माला तरी आल्या होत्या. तिसरी-चौथी मुलगी म्हणून नकोशी वाटत असूनही त्यांना वाढवले गेले होते. पुढच्या पिढीच्या हातात यंत्र आले, आणि ज्या मुली त्याच्यापुढे टिकल्या नाहीत त्यांना नाव देण्याची वेळच आली नाही.

आता जाणाऱ्यांकडे वळू. हा या प्रदेशाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा अध्याय आहे, आणि त्याची सुरुवात पावसापासून होते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरही न गेलेल्या म्हसवड-दहिवडीत पाचशेच्या आसपास. पश्चिमेला पाटण-जावळीच्या डोंगरात पाणी आहे, पण नांगरायला सपाट जमीन नाही. पूर्वेला माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जतमध्ये जमीन आहे, पण पाणी नाही. मधली कृष्णाकाठची चिंचोळी पट्टी सोडली तर दोन्ही बाजूंनी माणूस बाहेर ढकलला जात होता.

डोंगरी पश्चिम भागाने मुंबई धरली. गिरणीत खाते मिळाले तर उत्तम, नाही तर गोदीत, बाजारात पाठीवर ओझी. गावकीने भाड्याने घेतलेली एक खोली, पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस गडी, खानावळवाल्या बाईकडे जेवण, आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. पाठीवर ओझी वाहणाऱ्या या माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशी एकट्या गड्याची ती व्यवस्था मोडली. त्याच सुमारास घाऊक बाजार मुंबईतून नवी मुंबईत हलू लागले, आणि कोपरखैरणे, घणसोलीत माथाडींची स्वतःची घरे झाली. घर आले म्हणजे बायको आली, मुलांची शाळा तिकडे झाली. आरंभी पाहिलेल्या ३४ अंकांच्या घसरणीत या घरांचा मोठा वाटा आहे, असे माझे मत आहे.

सैन्य ही दुसरी वाट. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली, ती उगीच नाही. फौजेतला माणूस मात्र बहुधा परत येतो, पेन्शन घेऊन गावात घर बांधतो. स्थलांतराच्या हिशेबात तो वीसेक वर्षांसाठी खर्ची पडतो आणि पुन्हा जमेला येतो.

तिसरी वाट खानापूर-आटपाडी-तासगाव-कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्याची, आणि महाराष्ट्राबाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नाही. विट्याच्या परिसरातली माणसे सोन्या-चांदीची गलाई करायला साऱ्या भारतात गेली. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, राख, कानशीची धूळ विकत घ्यायची, भट्टीत मुशीत वितळवायची, तेजाबाने हीण वेगळे करायचे आणि शुद्ध सोने काढून द्यायचे. केरळात, तमिळनाडूत, बंगालात, उत्तर प्रदेशातल्या लहानमोठ्या गावांच्या सराफ बाजारात गलाईवाले सापडतात. एकाने दुकान टाकले की तो भाऊबंदांतला पोरगा हाताखाली नेतो. पोरगा तीन-चार वर्षांत काम शिकतो आणि पुढच्या गावात स्वतःची भट्टी लावतो. स्थलांतराचे अभ्यासक याला साखळी म्हणतात. साखळी एकदा सुरू झाली की मूळ कारण संपले तरी ती चालू राहते, कारण आता नव्या मुलाला दुष्काळापेक्षा चुलत्याचे दुकान ओढून नेत असते. अशा मुलांची लग्ने बहुधा गावाकडच्याच मुलीशी होतात, घर विट्याकडे बांधले जाते आणि नातवंडे तमिळ किंवा बंगाली शाळांत शिकतात. जनगणनेत ती तिकडची असतात. जत्रेत, देवळाच्या वर्गणीत आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ती इकडची असतात.

आणि एक जाणे सक्तीचे. कोयना धरण साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुरे झाले आणि शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावांचा मुलूख गेला. पुनर्वसनाचा कायदा १९७६ चा, म्हणजे ही माणसे कायद्याच्या आधी उठवली गेली. काहींना ठाण्या-रायगडात जमिनी मिळाल्या, काहींना सोलापूर-सांगलीकडे, कित्येकांना बराच काळ काहीच नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे गेली. पुढे चांदोलीतली गावे धरणासाठी आणि नंतर जंगलासाठी हलली. राज्याला वीज आणि शेतीला पाणी मिळाले, हे खरे. ज्या खोऱ्याने ते दिले त्या खोऱ्याची लोकसंख्या कमी होणे हा निसर्गक्रम नव्हता, तो निर्णय होता, आणि त्याची भरपाई अजून पुरती झालेली नाही.

येणारेही आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा नांगर बनवायला माणसे चहूकडून आली. सहकारी साखर कारखान्यांनी कारकून, तंत्रज्ञ, ऊसतोड मजूर आणले. आज शिरवळ आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार भेटतात. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोचू लागले तशी काही शिवारे हिरवी झाली आणि डाळिंब-द्राक्षाला हात लागू लागले. २०२० च्या उन्हाळ्यात तर मुंबई-पुण्याचे हजारो लोक एकदम गावी आले, शाळांमध्ये त्यांच्या विलगीकरणाची सोय करावी लागली. प्लेगच्या वेळची ती वाट पुन्हा उलटी वाहिली. वर्षभरात बहुतेक जण परतले.

या साऱ्याची बेरीज काय येते? २००१ मध्ये सातारा जिल्ह्यात २८,०८,९९४ माणसे होती, २०११ मध्ये ३०,०३,७४१. वाढ १,९४,७४७, म्हणजे ६.९३ टक्के. राज्य त्याच काळात १५.९९ टक्क्यांनी वाढले. त्या दशकात महाराष्ट्रात जन्मदरातून मृत्युदर वजा केला तर दरवर्षी हजारी दहा ते तेरा उरत. साताऱ्यात जन्म थोडे कमी आणि वृद्ध जास्त, म्हणून आपण नऊ किंवा दहा धरू. तरी दहा वर्षांत लोकसंख्या दोन लाख साठ हजार ते दोन लाख नव्वद हजारांनी वाढायला हवी होती. मग वजाबाकीतले सत्तर हजार ते एक लाख लोक कुठे गेले? आलेल्यांपेक्षा तेवढे जास्त बाहेर पडले, असा त्याचा अर्थ. हा अंदाज आहे, पण त्याची दिशा स्पष्ट आहे. सांगली ९.२४ टक्क्यांनी वाढली. तिचे असेच गणित केले तर तूट बरीच लहान, हजारी दहा धरले तर तीसेक हजारांची भरते. सांगली-मिरज-कुपवाड हे पाच लाखांचे शहर आणि कृष्णाकाठचा ऊस यांनी काही माणसे थोपवून धरली. पुणे मात्र त्याच दशकात जवळजवळ २२ लाखांनी वाढले. मुंबईची जागा आता पुण्याने घेतली आहे, आणि महामार्गाने ते साताऱ्यापासून काही तासांवर आले आहे.

जाणारे सगळ्या वयांचे नसतात. विशी-तिशीतली माणसे जातात आणि त्यांची पुढची मुले तिकडे जन्मतात. म्हणजे एक माणूस गेला की खर्चाच्या बाजूला एक आणि जमेच्या बाजूची न आलेली एक-दोन मुले, असा दुहेरी फरक पडतो. मागे वृद्धांचे प्रमाण वाढते, त्यामुळे आरोग्य सुधारूनही दरहजारी मृत्यू कमी होत नाहीत. डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळांची पटसंख्या वीसच्या खाली येते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या रांगेपेक्षा रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची रांग मोठी होते. निधीचे वाटप माणशी होते. डोक्यांची संख्या कमी म्हणून पैसे कमी, आणि उरलेली डोकी पिकलेली म्हणून गरज जास्त. नियोजनाच्या बैठकांत याचा विचार व्हायला हवा, कारण ज्या वृद्धांनी मुलांना शिकवून शहरांना दिले, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च त्यांच्या गावाने एकट्याने सोसावा हे न्यायाचे नाही.

२००१ मध्ये जी मुले शून्य ते सहा वयाची होती, ती येत्या जनगणनेच्या १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेला साधारण सव्वीस ते बत्तीस वर्षांची असतील. सांगलीत या मुलांमागे हजारी ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. म्हणजे सगळ्या मुली गावात राहिल्या असत्या तरी हजारातल्या सव्वाशे-दीडशे मुलांना त्यांच्या वयाची जोडीदारीण नव्हती. त्यात मुली शिकल्या, आणि स्थळ पाहताना पुण्याच्या नोकरीला पसंती मिळू लागली. मुलगी शेतकरी घरात द्यायची नाही, हे वाक्य वाळव्यापासून फलटणपर्यंत बागायतदारांच्या घरांतही ऐकू येते. जन्माच्या नोंदीतली तूट आणि स्थलांतराची तूट इथे एकाच मुलाच्या वाट्याला येतात. काही घरांनी सुना कर्नाटकातल्या विजापूर-बागलकोटकडून आणल्या, काहींनी त्याहून लांबून. मध्यस्थांनी पैसे उकळल्याच्या तक्रारीही झाल्या. या मुली नव्या गावात भाषा शिकतात, शेतात राबतात, आणि रेशनकार्डावर नाव चढवायला, जातीचा दाखला काढायला हेलपाटे घालतात, कारण त्यांचे कागद दुसऱ्या राज्याचे असतात. जनगणनेच्या तक्त्यात त्या स्थलांतरित म्हणून मोजल्या जातील, आणि कारणाच्या रकान्यात, कोरेगावहून वाईला नांदायला गेलेल्या मुलीसारखेच, विवाह असे येईल. दोघींत फरक करायचा तर जन्मस्थानाचा तक्ता वयोगटासह तालुक्यापर्यंत प्रसिद्ध व्हावा लागेल. १९९१ चा तो १०२९ हा आकडा आपण जसा उलगडला, तसा २०२७ चा आकडा त्याशिवाय उलगडता येणार नाही.